इंजिन खोलल्यावर : क्रँकच्या बेअरिंगांची निवड

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील जुन्या मराठी घरांच्या आवारात अजूनही एखादी अँबॅसॅडर ताडपत्रीखाली उभी असलेली आढळते. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी विकायला मन होत नाही, आणि सणावारी, लग्नकार्याला ती काढण्यात कुटुंबाला एक वेगळाच आनंद वाटतो. अशी गाडी एक दिवस बोलू लागते. इंजिन तापले की चौकात उभे असताना ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकतो, आणि घाट चढताना खालून लाकडावर हातोडी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. मेस्त्री कान लावून ऐकतात आणि म्हणतात, ‘साहेब, बेअरिंगे गेली. शेल कोणते आणू, सांगा.’

हा प्रश्न रास्त आहे, पण तो फार लवकर विचारला जातो. शेलची निवड ही या सगळ्या कामातली शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या गाळून आणलेले शेल कितीही नामांकित असले, तरी ते दहा हजार किलोमीटर पुरतील की दीड लाख, हे दैवावर सोडल्यासारखे होते. शिवाय अशा घाईत नुकसान होते ते शेलचे नव्हे, क्रँकचे. शेल बाजारात पुन्हा मिळतात. या इंजिनाचा चांगला क्रँक मात्र आता शोधूनच काढावा लागतो.

येथे विचार करावयाचा आहे तो साध्या दुरुस्तीचा. गाडी शर्यतीत पळवायची नाही, काँप्रेशन वाढवायचे नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी चालत होती तशी ती पुन्हा चालावी, एवढीच अपेक्षा. अँबॅसॅडरचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सी. सी. चे, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. त्याचा बोअर ७३ मि. मी. च्या किंचित वर, आणि स्ट्रोक ८८.९ मि. मी. स्ट्रोक लांब असलेले हे संथ प्रकृतीचे इंजिन आहे. त्याचा क्रँक घडीव पोलादाचा असून तो तीन मेन बेअरिंगांवर फिरतो. मेन जर्नलचा व्यास सुमारे दोन इंच, आणि कनेक्टिंग रॉड ज्यावर बसतात त्या पिनांचा पावणेदोन इंचांहून थोडा अधिक, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश इंच. (१९९२ नंतर आलेल्या इसुझू इंजिनाची मापे वेगळी आहेत, तत्त्वे मात्र तीच.)

क्रँकचा जो गुळगुळीत दंडगोल भाग बेअरिंगात फिरतो त्याला जर्नल म्हणतात. बेअरिंग म्हणजे दोन अर्धवर्तुळाकार पातळ शेल. त्यांची पाठ पोलादाची आणि पोट मऊ धातूचे. एक अर्धा वरच्या बाजूला, एक कॅपमध्ये. बहुतेकांची समजूत अशी असते की जर्नल या मऊ धातूवर घासत फिरते आणि तेल ते घर्षण कमी करते. प्रत्यक्षात इंजिन चालू असताना जर्नल धातूला टेकलेलेच नसते.

हे कळले तेही थोडे अपघातानेच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. आस खालून तेलात बुडलेला होता. वरच्या पितळी बेअरिंगला त्यांनी तेल घालण्यासाठी भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. भोकात बूच मारले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी तेथे दाबमापक बसवला. त्यावरचे आकडे चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत होते, तेही अपुरे पडले, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार तर त्याच्या निम्माच होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या कोड्याचे गणित मांडले. फिरणारे जर्नल स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेते, तेथे तेलाचा दाब प्रचंड वाढतो आणि त्या दाबावर जर्नल उचलले जाते. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर साठलेल्या पाण्यावर भरधाव मोटारीचे चाक तरंगते आणि ब्रेक लागत नाही, तोच हा प्रकार. फक्त तेथे तो घातक, येथे तारक.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, भार पेलतो तो जर्नलच्या फिरण्यातून झालेला तेलाचा पडदा. ऑइल पंपाचे काम एवढेच की त्या फटीत तेल कमी पडू नये. दुसरी, हा पडदा टिकायचा तर फट नेमकी हवी आणि जर्नल गोल हवे. हा पडदा भाराखाली काही मायक्रॉनच जाड उरतो. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड असतो. एवढ्या पातळ पडद्यात अंडाकृती झालेले जर्नल फिरू लागले, की प्रत्येक फेऱ्याला कोठे ना कोठे धातूला धातू लागतोच. तेथे शेल कोणत्या कंपनीचे आहे, हा प्रश्न गौण होतो.

म्हणून इंजिन खोलल्यावर जुने शेल भंगारात टाकण्यापूर्वी ते क्रमाने मांडून ठेवावेत आणि उजेडात नीट पाहावेत. कोणता शेल कोठला, हे पाठीवर खुणा करून आधीच लिहून घ्यावे. नीट चाललेल्या शेलचा रंग सर्वत्र सारखा राखी असतो, मधल्या भागात थोडी अधिक झीज असते, आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. राखी थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले असेल, तर त्या शेलचे आयुष्य संपले, एवढेच. मात्र काही खुणा शेलबद्दल नसतात, इंजिनाबद्दल असतात. एकाच कनेक्टिंग रॉडच्या शेलवर वरच्या अर्ध्याला एका कडेला आणि खालच्या अर्ध्याला विरुद्ध कडेला झीज दिसली, तर तो रॉड वाकलेला आहे; त्यात नवे शेल घालणे म्हणजे नवे शेल वाया घालवणे. मधला मेन शेल इतर दोघांपेक्षा फार खाल्लेला असेल, तर क्रँकला बाक आला असण्याचा संशय घ्यावा. पोटात बारीक काळे ठिपके रुतलेले दिसले, तर तेल वेळेवर बदलले गेले नाही किंवा फिल्टर नावापुरता होता. आणि पाठीवर, म्हणजे पोलादी बाजूला, एखादा चकचकीत डाग असेल, तर मागच्या वेळी शेल बसवताना त्याच्याखाली कचरा राहिला होता. तो कण आतला धातू फुगवून वर आणतो आणि नेमका तेथेच पडदा फुटतो. मागच्या मेस्त्रींचा हात कसा होता, हे जुने शेल न बोलता सांगतात.

यानंतर मापे. हे काम नजरेने किंवा नखाने होत नाही. नखाला लागणारा ओरखडा हा वाईटच, पण न लागणारी झीज त्याहून फसवी. मायक्रोमीटर हवा, आणि तो वापरणारा माणूस हवा. प्रत्येक जर्नल दोन टोकांशी आणि प्रत्येक टोकाला एकमेकांशी काटकोनात अशा दोन दिशांनी मोजावे. म्हणजे एका जर्नलची चार मापे होतात. दोन दिशांतला फरक म्हणजे अंडाकृतीपणा, दोन टोकांतला फरक म्हणजे निमुळतेपणा. रॉडच्या पिना बहुधा अधिक बिघडतात, कारण त्यांच्यावरचा भार चहूबाजूंनी सारखा नसतो. यांपैकी कोणताही फरक एक थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या पुढे गेला, की ग्राइंडिंगशिवाय गत्यंतर नाही, असा साधारण नियम आहे. जर्नल गोल आहे, सरळ आहे, ओरखडा नाही, फक्त शेल झिजलेले आहेत, असे आढळले तर क्रँकला हात लावू नये. हलके पॉलिश करून त्याच साइजचे नवे शेल घालावेत.

‘इंजिन खोललेच आहे तर क्रँक मारूनच घेऊ’ असे पुष्कळदा सुचवले जाते. या सल्ल्याशी मी सहमत नाही. अँबॅसॅडरच्या क्रँकला स्टँडर्डनंतर दहा, वीस, तीस आणि चाळीस एवढ्याच साइज मिळतात, म्हणजे व्यास दर वेळी दहा थाऊने, पाव मिलिमीटरने, कमी होतो. चाळीसनंतर तो क्रँक संपला. विनाकारण मारलेली एक साइज म्हणजे गाडीच्या आयुष्यातील एक दुरुस्ती आपल्या हाताने कमी करणे होय. याच्या उलट टोकाचा सल्लाही तितकाच वाईट: ‘ऑइल चेंबर खालून उतरवू, रॉडचे शेल बदलू, दोन तासांचे काम.’ जर्नल मोजून चांगले ठरले असेल तर हे अर्धे काम चालते. न मोजता केले तर ठोका महिनाभर थांबतो आणि मग पूर्वीपेक्षा मोठ्याने येतो. नवे, गोल शेल अंडाकृती पिनेवर जुळत नाहीत, आणि जुळवून घेताना झिजायचे ते शेलच झिजतात. कॅप घासून शेल घट्ट करणे, शेलच्या मागे कागदाचा किंवा पत्र्याचा तुकडा घालणे, हे प्रकार तर होऊच देऊ नयेत. शेलचा प्रत्येक अर्धा मुद्दाम अर्धवर्तुळापेक्षा केसभर मोठा केलेला असतो. कॅप आवळली की तो दाबला जाऊन घरात घट्ट बसतो, फिरत नाही, आणि आपली उष्णता पाठीमागे देऊ शकतो. शेलच्या कडेला असलेले छोटे नाक त्याला जागेवर धरून ठेवते, असा समज आहे; ते नाक फक्त जागा दाखवते. कागद घातला की ही सारी योजना मोडते.

आता फटीबद्दल. जर्नलच्या व्यासाच्या दर इंचामागे सुमारे एक थाऊ, हा जुना आणि आजही चालणारा अंदाज आहे. दोन इंची मेन जर्नलला दीड ते दोन थाऊ, म्हणजे ०.०४ ते ०.०५ मि. मी. फट पुरे. रॉडच्या पिनेला त्याहून किंचित कमी. याहून सैल ठेवले तर काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे. बेअरिंगच्या कडांतून तेल गळते ते फटीच्या घनाच्या प्रमाणात. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. पंप तोच, तेल तेवढेच. मग मेन बेअरिंगांतूनच तेल निसटू लागले की पुढे रॉडच्या पिनांपर्यंत पोचणारे तेल कमी होते. इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर चौकातच दिवा का लुकलुकतो, याचे उत्तर यात आहे. शर्यतीच्या इंजिनांत फट मुद्दाम थोडी अधिक ठेवतात, हे खरे आहे, पण तेथे पंपही मोठा असतो आणि क्रँक दर मिनिटाला आपल्या गाडीच्या दुपटीने फिरत असतो. घरच्या गाडीने त्यांचे अनुकरण करू नये.

ही फट बघण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा मऊ धागा मिळतो. शेल आणि जर्नल कोरडे पुसून धाग्याचा तुकडा जर्नलवर आडवा ठेवायचा, कॅप टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळायची, क्रँक मुळीच फिरवायचा नाही, आणि कॅप काढून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचा. जितका रुंद, तितकी फट कमी. गाडीच्या मालकाने ही पाच मिनिटे गॅरेजमध्ये स्वतः उभे राहावे. मेस्त्रींवर अविश्वास म्हणून नव्हे. असा मालक उभा असला की कामाची ढब आपोआप बदलते.

एवढे झाल्यावर मग शेलचा धातू. येथे तंत्रज्ञांपुढचे कोडे मोठे गमतीचे आहे. बेअरिंग धक्के सोसण्याइतके कणखर हवे आणि तेलातून आलेला बारीक कण पोटात घेण्याइतके मऊही हवे. थोडा वाकडेपणा असला तर त्याने आपले अंग मुरडून घ्यावे, पण भाराखाली चिरडू नये. हे दोन गुण एका धातूत पुरेपूर मिळत नाहीत. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली ज्याचे पेटंट घेतले त्या कथलाच्या मिश्रधातूची, आपल्या कारागिरांच्या भाषेत व्हाइट मेटलची, मऊपणात बरोबरी होत नाही. कण त्यात रुततो, क्रँक वाचतो. पण भार वाढला की त्याला तडे जातात. म्हणून पुढे तांबे आणि शिशाचे मिश्रण आले. ते कणखर, पण अंग मुरडण्यात आखडते. या दोघांची सांगड घालून तीन थरांचा शेल निघाला: पाठीला पोलाद, मध्ये तांबे-शिसे, आणि वर शिसे-कथलाचा जेमतेम एक थाऊचा मऊ मुलामा. चौथा पर्याय अॅल्युमिनियममध्ये सुमारे वीस टक्के कथील मिसळलेला. तो दोन थरांचाच असतो, गंजाला चांगला टिकतो आणि वरचा मुलामा झिजून जाण्याची भीती नाही. युरोपात २००० सालच्या नियमानंतर नव्या गाड्यांच्या बेअरिंगांतून शिसे टप्प्याटप्प्याने काढले गेले, त्यामुळे हा प्रकार आज बाजारात अधिक दिसतो.

साध्या दुरुस्तीला यांतले कोणते? माझे मत असे की मुलामा असलेले तीन थरांचे किंवा अॅल्युमिनियम-कथलाचे, यांपैकी जे आपल्या साइजमध्ये चांगल्या प्रतीचे मिळेल ते घ्यावे. दोन्ही या संथ इंजिनाला पुरून उरतात. मुद्दाम टाळावेत ते शर्यतीसाठी म्हणून विकले जाणारे कठीण शेल. किंमत अधिक म्हणजे टिकाऊपणा अधिक, हा हिशेब येथे उलटा लागतो. ते शेल सोसतात तेवढा भार या इंजिनात कधीच येणार नाही, आणि आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तेलात येणारा कण मात्र रोजच येणार. कठीण शेल तो कण पोटात घेत नाही. कण मग क्रँकवर रेघ ओढतो. बेअरिंग मऊ केले आहे ते झिजून क्रँक वाचवण्यासाठीच.

खोक्यावर भरवसा ठेवू नये. डुप्लिकेट मालाचा छाप अस्सलपेक्षा स्वच्छ असतो! शेलच्या पाठीवरचा साइजचा आकडा प्रत्येक अर्ध्यावर पाहावा. एका खोक्यात सहा दहाचे आणि दोन वीसचे निघाल्याची उदाहरणे आहेत. जाडी मोजावी. वरच्या मेन शेलचे तेलाचे भोक ब्लॉकच्या भोकासमोर बरोबर येते का, हे बसवून पाहावे. वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेला जुना साठा घेताना मुलाम्यावर पांढुरकी बुरशीसारखी झाक असेल तर तो परत करावा. मेन दहा आणि पिना वीस, असे झाले तर चालते. पण तीन मेनमध्ये दोन साइज चालत नाहीत, चार पिनांतही नाहीत.

ग्राइंडिंगला क्रँक द्यायचा तो शेल हातात आल्यावर. कोणत्या साइजपर्यंत मारावे लागेल हे आधी ग्राइंडरने मापून सांगावे, मग ते शेल आणावेत, आणि मग त्या शेलना मापून क्रँक मारावा. उलटा क्रम केला तर दहाचे शेल घेऊन बसावे लागते आणि क्रँक पंधरात अडकतो. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणी, जेथे ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तेथे चांगला ग्राइंडर शोधणे अवघड नाही. त्याला एकच गोष्ट बजावून सांगावी: जर्नलच्या कडेला असलेला गोलसर कोपरा तसाच राहिला पाहिजे. तेथे धारदार कोपरा पडला तर क्रँक त्याच जागी तुटतो, आणि लगेच तुटत नाही, वर्षभराने तुटतो. तेलाच्या भोकांच्या कडाही घासून गोल कराव्यात.

क्रँक परत आल्यावर तो तेलमार्गांसकट धुवावा. ग्राइंडिंगची बारीक पूड भोकांत अडकून बसते. रॉकेल, लांब ब्रश आणि हवेचा झोत यांनी ती काढावी, आणि नंतर कॉटन वेस्टने पुसू नये, त्याचे धागे राहतात. मधल्या मेनशी असणारे थ्रस्ट वॉशर विसरू नयेत. क्रँकची पुढेमागे हालचाल दोन-तीन थाऊच असावी. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर दोष बहुधा येथेच. बसवताना शेलना भरपूर तेल लावावे, आणि पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून सेल्फ मारत राहावे. ऑइलचा दिवा विझला की मगच प्लग लावावेत. तेल २०डब्ल्यू-५० चे. पाचशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, त्या वेळी तेलात चमक दिसते का ते उन्हात धरून पाहावे. थोडी राखी झाक असते. तांबूस चमक दिसली तर चेंबर पुन्हा उतरवावा लागेल.

राहिले एक छोटे काम. काय काय केले ते एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे: इंजिन नंबर, तारीख, मेन कोणत्या साइजला, पिना कोणत्या, प्रत्येक जर्नलचे माप, शेलचा प्रकार. पुढच्या वेळी इंजिन खोलणारा माणूस कदाचित आपला मुलगा असेल, कदाचित अनोळखी गॅरेजवाला; क्रँकला अजून किती साइज शिल्लक आहेत, हे त्याला इंजिन उघडण्यापूर्वीच कळेल.